धाकटीची लहान झालेली जोडी

नेरच्या स्टँडवर बडनेऱ्याची एस.टी. लागली तेव्हा आईनं दशम्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि वंदनाच्या पाठीवरून हात फिरवला. मी थोरली म्हणून ओझं माझ्याकडे, ती धाकटी म्हणून माया तिच्याकडे. खिडकीशी बसायच्या आधीच मी जळायला लागले होते.

"घरात कापूस भरला हाय, पाय ठेवाले जागा नाही, अन् ह्या दोघी बर्फावर घसराले चालल्या!" आई सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. खोटं नव्हतं ते. कापसाची ती फार वाईट वर्षं होती. भाव नाही म्हणून बाबांनी मधली खोली छतापर्यंत कापसानं भरून ठेवली होती, आणि आमच्या गल्लीत बहुतेक घरांत तीच गत. अशात गुलमर्गला जाऊन स्की शिकायची कल्पना अर्थातच वंदनाची. ती पुण्याला नोकरी करते; मी नेरलाच शाळेत शिकवते. "ताई, येतेस का?" तिनं फोनवर विचारलं. मी नाही म्हटलं असतं तर ती एकटी गेली असती, आणि परत आल्यावर सगळा गाव तिच्याभोवती गोळा झाला असता. ते मला बघवलं नसतं. म्हणून हो म्हटलं.

आमच्या दोघींच्या उंचीचं इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. मी पाच फुटांहूनही कमी. वंदना माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण मी नववीत असतानाच ती माझ्या डोक्यावरून बघायला लागली. सगळ्या घरांत थोरलीचे कपडे धाकटी घालते. आमच्या घरात उलटी गंगा. वंदनाला फ्रॉक आखूड झाला की ती तो माझ्या अंगावर टाकायची आणि म्हणायची, "मले लहान झालं, तू घे." दिवाळीला नवं कोरं तिला, कारण तिला काहीच पुरत नव्हतं. मला सगळंच पुरायचं. आणि चुकून माझ्यासाठी नवीन काही घेतलंच, तर आई दुकानदाराला बजावायची, "वाढत्या मापाचं द्या हो." मी वाढेन ही आशा तिनं मी मास्तरीण होईपर्यंत सोडली नाही.

बडनेऱ्याहून नागपूर, तिथून जम्मू. दोन रात्री गाडीत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि वंदनाचे लांबलचक पाय, जे समोरच्या बाकापर्यंत पोचून माझ्या डब्याला लागत होते. समोरच्या पंजाबी बाईंनी विचारलं, "ये आपकी बड़ी बहन है?" प्रश्न मला होता. वंदना खिडकीकडे तोंड करून हसली. मी तिला चटणी द्यायची नाही असं ठरवलं, आणि जालंधरपर्यंत दिली नाही.

जम्मूहून जीपनं बोगदा ओलांडला तसं सगळं पांढरं झालं. लोकांना बर्फ बघून काय काय सुचतं; मला बाजारातला कापूस आठवला, मोजमाप होईपर्यंत गाड्यांवर पडून राहिलेला. श्रीनगरात एका दुकानात मी स्वतःसाठी फेरन (काश्मिरी पायघोळ लोकरी झगा) घेतला, जांभळा, गळ्याशी बारीक कशिदा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पसंतीचं, आधी कुणी न घातलेलं कापड. आणि तोंडातून काय निघालं? "थोडा बड़ा दीजिए." सवय ती. घातला तर बाह्या बोटांच्या पुढे आणि खालचा काठ रस्ता झाडत चाललेला. पण माझा होता. गुलमर्गच्या वाटेवर टंगमर्गला नून चाय (मिठाचा गुलाबी चहा) प्यायलो, तेव्हा वंदना माझ्या फेरनला हात लावून म्हणाली, "कसला गोड रंग आहे गं." मी बाही ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कीच्या जोड्या मिळाल्या. आमचे शिक्षक फयाज सर, पिकलेल्या दाढीचे, गमत्या स्वभावाचे. पूर्वीच्या स्की सरळ पट्टीसारख्या असायच्या, त्यांनी सांगितलं. हात वर करून मनगटापर्यंत मोजून घ्यायच्या. आता या नव्या कार्व्हिंगच्या, दोन्ही टोकांना रुंद आणि मधे कमरेत बारीक, डमरूसारख्या. कडेवर कलल्या की आपणच वळतात. म्हणून यांना एवढी लांबी लागत नाही. उभी धरल्यावर हनुवटी ते नाक, यांच्यामधे कुठंतरी टोक यावं. हलक्या माणसाला आणि शिकाऊला त्यातही आखूडच बरी.

त्यांनी माझ्यापुढे एकशे पस्तीस सेंटिमीटरची जोडी ठेवली आणि वंदनापुढे एकशे पंचावन्नची. माझ्या डोळ्यांसमोर एकदम फ्रॉक नाचले. लहान मला, मोठी तिला. इथंही!

"मुझे बड़ी चाहिए," मी म्हटलं.

"दीदी, आपका वज़न कम है. बड़ी को आप मोड़ नहीं पाएँगी."

"मैं सीख लूँगी."

मी कैची मारून बाबांच्या चोवीस इंची सायकलवर शिकले होते. दांड्याखालून पाय घालून सगळं नेर फिरले होते. त्यामानानं ही पट्टी काय! मी वंदनाच्या पुढची जोडी उचलली. टोक माझ्या डोक्यावर चार बोटं. वंदनानं खांदे उडवले. "घे बाई. मी लहानीवर शिकते." एकशे पस्तीस तिच्या खांद्यालाही पोचत नव्हती. फयाज सर हसले आणि म्हणाले, "चलो, देखते हैं."

काय बघायचं होतं! तीन दिवस सगळ्या वर्गानं मला पडताना बघितलं. सरळ जायला लागले की ती जोडी थांबेना, वळवायला गेले की वळेना. कडेवर कलवायला, वाकवायला अंगात जोर हवा, वजन हवं, आणि माझ्याकडे होता तो फक्त राग. टोकं एकमेकींवर चढायची आणि मी तोंडावर. एकदा तर बर्फातून माझे फक्त पाय वर होते. आणि वंदना? आखूड जोडीवर डावीकडे वळ, उजवीकडे वळ, केस उडताहेत, गाल लाल. "ताई, किती सोप्पंय!" असं ओरडत माझ्याजवळून जायची. ती माझ्या मापाची जोडी होती! माझ्या हनुवटीशी येणारी, माझ्यासाठी काढलेली. मला ती परत हवी होती, इतकी हवी होती की जेवण गोड लागेना. पण मागायची कुणी? माझ्या तोंडानं मी मोठी मागितली होती.

त्यात फयाज सरांनी जाहीर केलं की शेवटच्या दिवशी वरच्या उतारावर न्यायचं, पण ज्याला सकाळी न पडता सलग वळणं घेऊन दाखवता येतील त्यालाच. बाकीच्यांनी खाली चहा प्यायचा. वंदना वर आणि मी खाली, हातात कप घेऊन तिची वाट बघत. घरी जाऊन ती सांगणार आणि मी मान हलवणार. त्या रात्री मी पांघरुणात तोंड घालून रडले, सांगायला लाज कसली.

शेवटच्या दिवशी सकाळी वंदना आखूड जोडी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "ताई, वरच्या उतारावर मला ही लहान पडते असं सर म्हणाले. तू घे."

तेच शब्द. पंचवीस वर्षांनी, नऊ हजार फुटांवर. वाटलं, फेकून मारावी तिच्या अंगावर. मग मी वरच्या उताराकडे बघितलं, खालच्या चहाच्या टपरीकडे बघितलं, आणि जोडी घेतली. उभी धरली. टोक बरोबर नाकाखाली आलं.

आणि मग, देवाशप्पथ, नुसते गुडघे कलवले तर वळली! परत कलवले, परत वळली. तीन दिवस मोठ्या जोडीशी मारामारी करून पायांत जो काही जोर आला होता तो आता कामी आला. खाली पोचले तेव्हा फयाज सर म्हणाले, "अब बनी बात!" वंदनानं टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचाही राग आला.

आम्ही दोघी वर गेलो. वरचा उतार खालून दिसला त्याहून उभा निघाला, पण माझ्या छोट्या जोडीला काही वाटलं नाही. एका वळणानंतर दुसरं, शाळेच्या फळ्यावर गोल अक्षर काढावं तसं. वंदना नव्या लांब जोडीवर सुसाट पुढे गेली, वळायला गेली आणि धाडकन पडली. मी तिच्याजवळून गेले. थांबले नाही. खोटं कशाला बोलू, फार छान वाटलं.

"ताई! थांब ना वं!"

तो आवाज पुण्याचा नव्हता. वंदना पुण्याला गेल्यापासून शुद्ध बोलते. आमची बोली तिला घाबरली किंवा दुखलं तरच आठवते. मी थांबले, कडेकडेनं चढत परत आले. लागलं नव्हतं. पण ती बर्फात बसून रडत होती.

"तुले सगळं बसते," ती म्हणाली. "माहं सगळं तुले बसलं. मले तुहं काहीच नाही बसलं कधी."

"काय बोलून राह्यली तू?"

"सगळ्या पोरी आपल्या ताईचे फ्रॉक घालत. मले तुहा घालाचा होता, तो निळा, खिशावर बदकं होते तो. एकदा चोरून घातला त काखेत फाटला. आईनं लय मारलं मले."

तो फ्रॉक मला आठवत होता. उंदरांनी कुरतडला असं आईनं मला सांगितलं होतं. मी तिथं बर्फात उभी राहिले आणि मनात काय आलं ते सांगते: मी एवढी वर्षं जळले, आणि माझ्याहून मोठं दुःखही हिच्याचकडे निघावं! तिथंही मेली माझ्यापेक्षा उंच. मग मी तिला हात दिला. ती उठली, आणि आम्ही हळूहळू, मी पुढे ती मागे, माझ्याच वळणांवरून ती वळत, खाली आलो.

नेरला पोचलो तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. मधल्या खोलीत कापूस तसाच होता. आईनं विचारलं, "पडल्या का?" आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "हो."

दुसऱ्या दिवशी वंदनाला स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली. मी पिशवीतून जांभळा फेरन काढला. घडीतून जरा वेळ हात निघेना. मग तो तिच्या अंगावर टाकला.

"मले मोठा होते," मी म्हटलं. "तू घे."

नेरच्या त्या उन्हात, सगळ्या स्टँडसमोर, वंदनानं तो लोकरी झगा डोक्यातून घातला. बाह्या मनगटावर बरोबर बसल्या, काठ पायघोळ पण जमिनीवर नाही. घामानं निथळत ती तशीच गाडीत चढली आणि खिडकीतून दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली.

काय दिसत होती! मला कधीच इतका शोभला नसता. घरापर्यंत जळत आले.