एकशे सतरा नंबरचं पान

गुरुजींनी मोबाइल काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला. "बघा मॅडम. सोमवारपासून लेकीला सव्वीस फोन आलेत. एक जण विमा विकायलाय. एक जण, एकटीच राहतीस का, म्हणून विचारायलाय."

गुरुजी कंधारचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. लेक नांदेडला एका लॅबमध्ये नोकरीला, खोली करून राहणारी. घाबरून ती दोन दिवस कामावर गेली नव्हती, आणि तिचा मोबाइल घेऊन गुरुजी उदगीरला आले होते. मी तिथं कशाला होते? ज्या सॉफ्टवेअरनं तो नंबर वाटला, ते निवडून देणारी तज्ज्ञ मीच. लातुरात माझं ऑफिस आहे. लहान व्यवसायांना कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं ते सांगायचे मी पैसे घेते.

हा व्यवसाय म्हणजे उदगीरचा एक छापखाना. तिथून दरवर्षी लिंगायत समाजाची वधू-वर पुस्तिका निघते. मालकीण अक्का, वय पासष्टच्या पुढे. नवरा गेल्यावर पुस्तिका त्यांनीच चालवली. मुलगा सचिन पुण्यात चार वर्षं नोकरी करून परत आला होता, आणि येताना 'स्केल', म्हणजे धंदा झपाट्यानं वाढवणं, हा शब्द घेऊन आला होता. पुस्तिका ऑनलाइन न्यायची, असं त्यानं ठरवलं आणि मला बोलावलं.

त्याला दोन गोष्टी हव्या होत्या. एक पेमेंट गेटवे, म्हणजे गिऱ्हाईक आणि बँक यांच्यामधला दलाल. शंभर रुपयांमागे दोनेक रुपये कापून घेतो आणि उरलेले खात्यात टाकतो. दुसरं पब्लिशिंग सॉफ्टवेअर. त्यात माहिती एकदा भरली की छापायचं पानही तयार होतं आणि वेबसाइटचंही. बाजारात दोन्ही एकत्र मिळतात. मी तीन कंपन्या निवडल्या आणि तुलनेची रंगीत शीट केली. चाळीस कॉलम. मला त्या शीटचा फार अभिमान होता.

बेंगळुरूच्या कंपनीचा सेल्सवाला फोनवर म्हणाला, "सर, आमचं सोल्यूशन एंड-टू-एंड आहे."

"मी मॅडम आहे."

"यस सर."

उदगीर कुठं आहे हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्याच्या सॉफ्टवेअरची खुबी सचिनला भलतीच आवडली: एकशे एक रुपये भरा, मुलीचा नंबर तिथल्या तिथं उघडतो. दुसरी कंपनी महाग होती, ती सुटली. तिसरा नांदेडचा एक माणूस, स्वतः बनवलेलं सॉफ्टवेअर घेऊन एसटीनं आला. त्याच्यात पैसे भरले तरी नंबर दिसायचा नाही. मालकानं मोबाइलवर 'हो' दाबलं, तरच दिसायचा.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"मालकाला बघू द्या की मॅडम, कोण मागायलंय ते."

मी त्याच्यापुढे 'स्लो' लिहिलं. सचिननं त्याला चहासुद्धा विचारला नाही.

हे सगळं चाललं होतं तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलाशी अक्का फोनवर बोलत होत्या. त्यांच्या पुस्तिकेत मुलीचा फोन नंबर कधीच छापत नसत. फक्त क्रमांक. एकशे सतरा पाहिजे, असा फोन आला की अक्का सुरू करायच्या. गाव कोणतं? कुणाचा तू? मामा कोण तुझा? मग मुलीच्या वडिलांना फोन, त्यांनी हो म्हटलं तरच नंबर. नंबरही वडिलांचाच, वहीत पेन्सिलीनं लिहिलेला. निम्मे लोक मामाच्या प्रश्नालाच फोन ठेवायचे. मी हे अर्धा तास ऐकलं आणि शीटमध्ये नोंद केली: 'फोनवरून नंबर देणे. मॅन्युअल. काढून टाकता येईल.'

हे वाक्य माझं आहे. सचिनवर ढकलता येत नाही.

बेंगळुरूचं सॉफ्टवेअर घेतलं. त्याच्या फॉर्मला ओटीपीसाठी मुलीचा स्वतःचा मोबाइल नंबर लागायचा. मी त्यालाही हिरवी टिक दिली होती, सुरक्षित म्हणून. मुलींनी आपापले नंबर भरले. सोमवारी सकाळी साइट सुरू झाली. मंगळवारी सचिनचा फोन आला. "मॅडम, एकेचाळीस पेमेंट. आईला महिन्यात एवढे फोन येत न्हाईत." आवाजात असा तोरा, की जणू एकेचाळीस लग्नं लागली होती.

बुधवारी हिशेब समजावायला गेले, तर समोर गुरुजी.

सचिन त्यांना म्हणाला, "काका, टर्म्समध्ये क्लिअर लिहिलंय. ताईनं टिक केलंय."

"पस्तीस वर्षं मी लेकरांना वाचायला शिकवलं बाबा," गुरुजी म्हणाले. "तुझं ते बारीक अक्षर मला वाचता आलं न्हाई."

मी कंपनीला फोन लावला. तिकीट रेझ करा, म्हणजे तक्रार नोंदवा म्हणाले, अठ्ठेचाळीस वर्किंग अवर्स लागतील. दोन दिवसांत अजून कितीजण एकशे एक रुपये भरणार होते, देव जाणे. पुस्तिकेत तीनशेच्या वर मुली होत्या.

"बंद कर ते," अक्का म्हणाल्या.

"आई, ते क्लाउडवर हाय. असं बंद न्हाई होत."

मी गेटवेचं खातं उघडलं आणि पेमेंट घेणं थांबवलं. पैसे जात नाहीत तर नंबरही उघडत नाही. मिनिटभराचं काम. त्या सबंध प्रकरणात माझ्या हातून झालेलं हे एकच शहाणपण.

अक्कांनी मग पैसे भरणाऱ्यांची यादी मागितली. सचिन म्हणाला, बल्क मेसेज टाकू. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. चष्मा लावला आणि पहिला नंबर फिरवला. "कोण रे तू? गाव कोणतं? मामा कोण?" सगळ्या यादीत जेमतेम नऊ जणांनी नीट उत्तरं दिली. कुणी कर्ज विकणारा होता, कुणी क्लासवाला. एकानं मामाचं विचारताच फोन कापला. अक्कांनी यादीवर बोट ठेवलं.

"सात पोरींचे नंबर घेतलाय ह्यो. अन् ह्याला मामा न्हाई."

त्यानंतर ज्यांचे ज्यांचे नंबर गेले होते, त्या प्रत्येक मुलीच्या वडिलांना त्यांनी स्वतः फोन करून माफी मागितली. मी शेजारी बसून नंबर वाचून दाखवत होते. मला लाज वाटत होती. गुरुजी जाताना एवढंच म्हणाले, "अक्का, लेकीचं नाव काढा. ती पुन्हा द्यायची न्हाई म्हणायलीय." अक्कांनी हात जोडले.

मी नांदेडच्या माणसाला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "आता स्लो चालंल का मॅडम?" चालेल म्हटलं. या खेपेला त्याला चहा अक्कांनी स्वतः करून दिला. आता पैसे ऑनलाइन येतात, पण नंबर अक्कांनी 'हो' दाबल्याशिवाय उघडत नाही. मामा कोण, हे त्या अजूनही फोन करूनच विचारतात. धंदा बुडाला नाही. सचिन आता 'स्केल' म्हणत नाही, निदान आईसमोर तरी.

पुढच्या वर्षीची पुस्तिका छापताना सचिन म्हणाला, गुरुजींच्या लेकीचं एकशे सतराचं पान रिकामं आहे, मंगल कार्यालयाची जाहिरात टाकू. अक्कांनी टाकू दिली नाही. पान कोरं छापलं, वर फक्त क्रमांक. लोक फोन करून विचारतात, हे छापायचं राहिलं का?

"राहिलं न्हाई," अक्का सांगतात. "आमच्या हातानं गेलं."

माझ्या शीटमध्ये आता एकेचाळीस कॉलम आहेत. पहिला आहे: 'हे काम आज कोण करतं आणि कशासाठी?' सेल्सवाले हसतात, विचारतात, मॅडम, याचा सॉफ्टवेअरशी काय संबंध? मी ड्रॉवरमधून पुस्तिका काढते आणि एकशे सतरावं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवते.