दादाचं पांढरं जॅकेट आणि आईचं कुंकू

ऐका, आज आमच्या मुलुंडच्या घरी एका जॅकेटची वाट लागली.

दादा टोरंटोहून सुट्टीवर आलाय. तिकडे घालतो तोच ब्रँड इथे ऑनलाइन स्वस्त मिळाला, म्हणून त्याने पांढरं जॅकेट मागवलं. सकाळी आलं, पण चेन पोटावरच अडली. "रिटर्न करतो," म्हणत तो आंघोळीला गेला.

तेवढ्यात आईने नवीन कपडा म्हणून ते देवापुढे ठेवलं आणि कॉलरवर कुंकवाचं ठसठशीत बोट लावलं.

"अगं आई, आता कोण परत घेणार हे?"

"कुंकू लावलेलं परत करतात का रे? पोट कमी कर."

आता ते जॅकेट घालून बाबा भर उन्हात भाजी आणायला गेलेत.

दादाने मोठ्या साइजचं मागवलंय आणि मला दम दिलाय, "बसतंय की नाही कळेपर्यंत आईला लांब ठेव. बसलं, की लगेच बोलाव. कुंकू लावल्याशिवाय मी नवीन कपडा घालत नाही यार."