चारशेवं वर्तुळ

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी भंडाऱ्याच्या एका कचेरीत, संगणकाच्या खोलीत कामाला होते. जवाहरनगरच्या क्वार्टरमधून बसने यायचे. इंग्रजी शाळेतली मी. मराठीत अडखळायचे, म्हणून फारशी बोलतच नसे. कूलरची घरघर, डिस्कची बारीक शीळ, खिडकीबाहेर पिवळं पडत चाललेलं धान. दुपारभर पाण्याखाली बसल्यासारखं वाटायचं.

दिवाळीनंतर बियाण्यांच्या नोंदी नाहीशा होऊ लागल्या. त्या टाइप करणाऱ्या ताई रोजंदारीवर होत्या. सगळ्यांनी त्यांनाच दोषी धरलं.

"मी भरलं होतं जी," त्या मला म्हणाल्या. "काढतीन तं काढू द्या मले, पण खोटारडी नोका म्हणू."

शनिवारी त्यांना काढणार होते.

शुक्रवारी मी, डिस्कवर माहिती ज्या वर्तुळांत साठते, ती वर्तुळं कागदावर काढत बसले. आधी नोंदींचा भाग, त्याला लागून कच्च्या कामाची जागा. मेमरी कमी पडली की कर्नेल, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार पाहणारा मूळ प्रोग्राम, तिथे वाटेल ते लिहितो, पुसतो. कोणता भाग कुठून कुठवर, हा तक्ता कर्नेलमध्येच होता. तो आमच्या खोलीच्या साहेबांनी भरलेला. नोंदींचा भाग चारशेव्या वर्तुळावर संपत होता. कच्ची जागाही चारशेपासूनच सुरू. नोंदी या वर्षी पहिल्यांदाच तिथवर पोचल्या होत्या, आणि पुसल्या जात होत्या.

साहेब दिघोरीचे, घरी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. मी कागद घेऊन त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले.

"काहून वं, काय पाहून राहिली?"

मी चारशेव्या वर्तुळावर बोट ठेवलं. "हे दोघांतही आहे."

"असनच ना! दोन बांध्यायच्या मधात धुरा एकच रायते. दोघायचाबी असते."

"पण सर, इथे धुऱ्यावर, म्हणजे बांधावरही पीक आहे."

ते हसले, आणि हसता हसता थांबले.

कच्ची जागा मी चारशे एकपासून सुरू केली, तिची लांबी एकाने घटवली. दोन भाग एकमेकांवर चढले तर यंत्र सुरूच होऊ नये, अशी चार ओळींची तपासणीही घातली. नवा तक्ता घालून कर्नेल पुन्हा तयार केला.

"सांगीन मी सगळ्यायले," साहेब म्हणाले. "सोमवारी."

"आज सांगा ना," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

ते उठून बाहेरच्या खोलीत गेले. "बाई, तुमच्या नोंदी मीच खाल्ल्या."

कोणी हसलं नाही. ताईंनी पदराने की-बोर्ड पुसला आणि पहिली नोंद पुन्हा भरायला घेतली.