पाचोऱ्याची गाडी

जळगावच्या आमच्या बँकेत शेजारच्या टेबलावर बसणारा हा माणूस घरी फारसा बसतच नाही. जुनी पण कमी पळालेली मोटरसायकल सापडावी म्हणून सुट्टीच्या दिवशी तो गावोगाव भटकतो. "फक्त बघून येऊ," एवढंच म्हणतो.

एकदा मलाही पाचोऱ्याला घेऊन गेला. तिथल्या एका म्हाताऱ्या अक्कांना नवऱ्यामागे त्याची गाडी विकायची होती. पडवीत त्यांनी गाडीवरची गोधडी काढली. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा शाबूत होतं. मीटरवरचा आकडा बघून त्याने चष्मा पुसला, परत बघितलं. प्लग साफ करून, बाटलीतून आणलेलं पेट्रोल टाकून त्याने गाडी सुरू केली.

आवाज ऐकून अक्का दारात आल्या. "माले बी बसाड ना रे भाऊ. त्यासनी नुसती गाडी पुसी, माले कधी बसाडं नही."

व्यवहार अजून व्हायचा होता. पण त्याने अक्कांना पदर नीट खोचायला सांगितलं आणि मागे बसवून स्टेशनपर्यंत फिरवून आणलं.

उतरल्यावर अक्कांनी सीटवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "आते माले इकनी नही, भाऊ."

त्याने किल्ली त्यांच्या हातात दिली.

परतताना एसटीत तो खिडकीची काच सारखी उघडत होता, लावत होता. मला राहवेना. "आधी पैसे देऊन मग फिरवायचं ना त्यांना."

"मग त्या माझ्या गाडीवर बसल्या असत्या," तो म्हणाला.