तिने केलेली नक्कल
परवा टीव्हीवर श्रीमंत नवरा शोधत फिरणाऱ्या नायिकेचा जुना विनोदी सिनेमा लागला. घरातले सगळे हसले, मला हसू येईना. तो आम्ही जळगावात पाहिला, तेव्हा माझ्या मावसबहिणीचं लग्न ठरत होतं. घरी आल्यावर तिने पदर उडवत नायिकेची हुबेहूब नक्कल केली, "नवरा कसाही चालेल, मोटार हवी!" आठवड्याने शिंदखेड्याचे पाहुणे स्वतःच्या मोटारीतून सुपारी फोडायला आले. मुलगा तिला मनापासून आवडला होता. ओसरीवर नव्या सतरंजीचा वास, ताटात कुंकू आणि सुपारी. गप्पा रंगल्या तसं मी ते वाक्य तिचंच म्हणून सांगितलं, चार माणसांत हशा पिकावा म्हणून. मुलाच्या आबांचा चेहरा उतरला. "मंग आमनी मोटार देखीसनच हा म्हनी का तुमनी पोर?" मोटार पाहूनच ती हो म्हणाली, असं त्यांना वाटलं. "आबा, ती नक्कल होती हो," मी म्हणालो, पण तोवर सगळे उठले होते. दारात चहा घेऊन उभी असलेली ती हळूच म्हणाली, "भाऊ, नीट सांग ना त्यांना." मी रस्त्यापर्यंत धावलो. मोटारीची काच वर गेली. पुढे धुळ्याच्या एका बिजवराला तिला दिली. ती वारली त्यालाही आता बरीच वर्षं झाली, तरी नात्यात तिला अजून 'मोटारवाली' म्हणतात, आणि ज्यांना खरं सांगायला हवं होतं त्यांतलं कोणी उरलेलं नाही.