दुसऱ्या मजल्यावरचा कारवानी

मंडळी, हौसेनं कारवानी कुत्रा पाळला. सशामागं धावणारी जात, आणि आम्ही पेणला दुसऱ्या मजल्यावर. वर्षभरात शेरूनं सोफा फाडला, दार कुरतडलं.

आज त्याला गडबला सासुरवाडीला नेलं. कापणी झालेल्या शेतात पट्टा सोडला, तर तासभर नुसता वाऱ्यासारखा धावला. मग बांधावर गाढ झोपला. घरी असा झोपलेला कधीच पाहिला नाय.

सासरे म्हणाले, "जावई, ऱ्हाऊ दे त्याला हितंच."

लेक रडेल, म्हणून मी नाय म्हणणार होतो. तीच म्हणाली, "राहू दे, बाबा."

गाडी सुरू केली. वाटलं, मागं धावत येईल. त्यानं एक डोळा उघडला आणि परत मिटला.

आता पट्टा हातात घेऊन बसलोय. सांगा, उद्या जाऊन आणू का त्याला?