शेवटच्या डब्याची लाल पाटी

माझा नातू कॉम्प्युटरच्या जाळ्यांचं काम करतो. एकदा जेवताना त्यानं मला ते समजावून सांगितलं. म्हातारीला सांगतोय म्हणून सावकाश आणि उगाच मोठ्यानं. सगळ्यांत खाली तार. तारेवर खुणा, खुणांवर सवाल-जवाब, त्यावर पाकीट आणि पाकिटात आपलं बोलणं. प्रत्येक थर आपल्यापुरतं बघतो, वरच्यानं काय सोपवलंय ते उघडून पाहत नाही. पाठवणारा आधी विचारतो, पाठवू का? पलीकडून होकार आला की पाठवतो आणि पोहोचल्याची पोच घेतो.

"आणि पोच आलीच नाही तर?" मी विचारलं.

"पुन्हा पाठवतो. थोडं थांबतो, पुन्हा पाठवतो. मग सोडून देतो."

आजीनं बरोबर नेमका प्रश्न विचारला म्हणून त्याला कौतुक वाटलं. कौतुक कसलं डोंबलाचं! हे सगळं मी लग्नानंतर नंदुरबार आणि नवापूरच्या मधल्या एका लहानशा स्टेशनावर भिंतीपलीकडून ऐकत होते. आमचे हे तिथे स्टेशनमास्तर होते. आमच्या क्वार्टरची आणि त्यांच्या खोलीची भिंत एकच, त्यामुळे भाकरी थापता थापता मला घंटीचे ठोके पाठ झाले.

लाइन एकेरी. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी. दोन्हीकडे तारेनं जोडलेली यंत्रं होती. गाडी पाठवायची तर तिकडचा मास्तर ठोके देऊन विचारायचा, लाइन मोकळी आहे का? यांनी ठोक्यांनीच हो म्हटलं की तिकडच्या यंत्रातून एक लोखंडी गोळा सुटायचा. तो हाती आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे. गाडी आमच्याकडे आली की तो गोळा आमच्या यंत्रात टाकायचा आणि पोचीचे ठोके द्यायचे. मग मागच्या गाडीला रस्ता. गाडीत कापूस भरलाय की लग्नाचं वऱ्हाड बसलंय, घंटीला त्याचा पत्ता नसे.

फक्त गोळा टाकण्याआधी शेवटच्या डब्यामागची लाल पाटी डोळ्यांनी बघायची. पाटी दिसली म्हणजे गाडी सबंध आली, एखादी वाघीण, म्हणजे मालाचा डबा, मध्येच सुटून लाइनवर राहिली नाही.

आमची थोरली तेव्हा बोबडं बोलायची. भाद्रपदात तिला घसा धरला. गावातल्या कंपाउंडरनं बॅटरीच्या उजेडात घसा पाहिला आणि म्हणाला, घटसर्प आहे, आजच नंदुरबारला न्या, इंजेक्शन तिथेच मिळेल. नाले भरलेले, बैलगाडीची वाट बंद. नवापूरकडून दुपारची पॅसेंजर येणार होती, तिच्यापुढे एक मालगाडी. मी मुलीला घेऊन फलाटावरच्या बाकावर बसले. मालगाडी न थांबता धडधडत गेली. हे हिरवं निशाण धरून उभे होते. गाडी गेली तरी ते तिच्या मागे बघतच राहिले.

शेवटच्या वाघिणीला पाटी नव्हती.

गार्ड तर दिसला होता. पण त्या काळी गार्डच्या डब्यामागेही एक-दोन वाघिणी जोडत, त्यामुळे तो दिसून काही उपयोग नव्हता. यांनी पुढच्या स्टेशनला फोन केला, गाडी थांबवा आणि वाघिणी मोजून सांगा. गोळा टेबलावर ठेवला. मागच्या मास्तरलाही फोन केला, मुलीचं सांगितलं. तो भला माणूस होता, पॅसेंजर त्याच्या फलाटावर तयार उभी होती. पण आमचा गोळा यंत्रात पडल्याशिवाय त्याच्या यंत्रातून दुसरा निघणार कसा? घंटीत गाडीच्या सगळ्या जातींना ठोके होते, धोक्यालाही होते. पोर घुसमटतेय, याला ठोका नव्हता.

तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला, तशी मी खोलीत शिरले.

"टाका ना तो गोळा!"

"वाघीण मध्ये राहिली असेल तर पॅसेंजर तिच्यावर आदळेल गं."

"नाही राहिलेली!"

"नसेलही. पण मला माहीत नाही ना!" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मला त्या वेळी त्यांचा संताप आला. पुढे तोही करता येईना, कारण ते बरोबर होते. तिकडचा मास्तर बरोबर, यंत्र बरोबर. शिव्या घालायला कुणी म्हणून उरलं नाही. सगळं बरोबर असून माणसाचं वाटोळं होतं, हे मला तिथे कळलं. त्यानंतर कशावर भरवसा ठेवावा ते मला सापडलेलं नाही.

पुष्कळ वेळानं लाइनवरचा गँगमन पाटी काखेत मारून आला. "मास्तर, पाटी गवतमा पडेल व्हती. लाइनवर काहीच नही." कडी झिजून ती गळून पडली होती. तेवढ्यात पुढच्या स्टेशनचाही फोन आला, वाघिणी पूर्ण आहेत. यांनी गोळा टाकला, ठोके दिले. तिकडून पॅसेंजर सुटल्याचे ठोके आले. बाकावर परत येऊन मी मुलीला म्हटलं, "गाडी सुटली बघ." तिच्या श्वासाची शिट्टी तेव्हा थांबली होती.

पॅसेंजर आली. गँगमननं टोपी काढली, तेव्हा यांनी बाकाकडे पाहिलं आणि त्यांना समजलं. ते एक पाऊल माझ्याकडे आले. पण गाडी उभी होती, माणसं खिडक्यांतून बघत होती. यांनी ड्रायव्हरला पुढचा गोळा दिला, निशाण दाखवलं. गाडी हलली तसे ते फलाटाच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि शेवटच्या डब्याची लाल पाटी नीट बघून घेतली. मग आत जाऊन पोचीचे ठोके दिले.

पलीकडून लगेच उत्तर आलं. मी बाकावर तिला हाक मारत होते. थोडं थांबत होते, पुन्हा मारत होते.